घर की कणगी? ऐरोलीतून केलेल्या नकाशाकामाच्या नोंदी (जून ते सप्टेंबर २०२४)

घरी बसून असलं काम करायची कुणाला इच्छा असेल तर त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतेय. आधी अकरा वर्षं ठाण्यात एका सिव्हिल कन्सल्टंटकडे ऑटोकॅडवर ड्राफ्टिंग केलं. आता एका मानवतावादी खुल्या नकाशा संस्थेकडे करारावर व्हॅलिडेटर आहे. आठवड्याला पंचवीस तास, सुरुवातीला महिन्याला एक बिल. उपग्रहाच्या चित्रावरून लोकांनी ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या नकाशावर काढलेली घरं आणि रस्ते तपासायचे, चुकलेलं दुरुस्त करायचं, राहिलेलं स्वतः काढायचं. माझ्या वाट्याला आलेला भाग मलावीच्या दक्षिणेला, शायर नदीच्या खोऱ्यात, चिक्वावा जिल्ह्यातला. तिथला पावसाळा नोव्हेंबर ते एप्रिल. म्हणजे सप्टेंबरअखेर नकाशा हातात पडला तर तिथल्या लोकांना छापून गावोगाव न्यायला वेळ मिळतो. सहकाऱ्यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

३ जून

पहिला दिवस लॅपटॉपशी भांडण्यात गेला. जोसम हा एडिटर जावावर चालतो आणि माझ्या आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर दोन इमेजरी लेयर, म्हणजे उपग्रहचित्रांचे थर, उघडले की पंखा मिक्सरसारखा वाजायला लागतो. दुपारी गोखले रोडवर जाऊन आणखी आठ जीबी टाकून आणली. २,६०० रुपये, वर बसवायचे ३००. घरी येऊन बघते तर फरक शून्य. संध्याकाळी कळलं की जावाला किती मेमरी वापरू द्यायची ते वेगळं सांगावं लागतं, नाहीतर ती ठरलेल्या वाट्याच्या पुढे जात नाही. ते आधी केलं असतं तर कदाचित रॅम घ्यावीच लागली नसती.

ब्राउझरमधला आयडी एडिटर शिकायला सोपा आहे, पण दिवसाला हजारभर घरं तपासायची तर जोसमच. ऑटोकॅडची सवय असलेल्यांना तो दोन दिवसांत हाताला बसेल.

७ जून

काम चौकोनांत वाटलेलं असतं. एक चौकोन आपल्या नावावर लॉक करायचा, दोन तासांत संपवायचा, नाही संपला तर लॉक आपोआप सुटतं आणि दुसरा कुणीही तो उचलू शकतो.

आज शुक्रवार. दुपारी वीज गेली. लॅपटॉपला बॅटरी आहे, राउटरला नाही. मी निवांत काढत राहिले, वीज आली की अपलोड करू म्हणून. वीज आली पावणेपाचला. तोपर्यंत लॉक सुटलं होतं आणि फिलिपिन्समधल्या कुणीतरी तोच चौकोन उचलून अर्धा संपवलाही होता. माझी १४० घरं आणि त्यांची १४० घरं एकमेकांवर. अपलोड केलं असतं तर प्रत्येक घर दोनदा पडलं असतं. सगळी टाकून दिली.

राउटरसाठी छोटा यूपीएस घेतला, १,८०० रुपये. आणि दर वीस मिनिटांनी अपलोड. मोबाइलमध्ये गजर लावलाय. लेक म्हणते, कुकरच्या शिट्ट्या मोजतेस तसं.

१२ जून

टीमची मीटिंग भारतीय वेळेने संध्याकाळी साडेसातला ठरलीय. मलावी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, वॉशिंग्टन साडेनऊ, त्यामुळे सगळ्यांना गैरसोयीची म्हणून सगळ्यांना मान्य. आमच्याकडे त्या वेळी भाकऱ्या पडत असतात. कॅमेरा बंद, कानात इअरफोन, एक हात पिठाचा.

१८ ते २६ जून

हे नऊ दिवस कुणाच्याही वाट्याला येऊ नयेत, म्हणून सविस्तर लिहिते.

१८ तारखेला मी तीन लागोपाठचे चौकोन उघडले. त्यातली जुनी घरं कुणीतरी आधीच काढलेली. पण माझ्या स्क्रीनवर ती सगळी छपरांपासून सरकलेली दिसत होती, एकजात ईशान्येला, साधारण अकरा-बारा मीटर. मला वाटलं, काय हे गबाळं काम. ड्राफ्टिंगची सवय: रेघ रेघेवर बसली पाहिजे. मी तीनही चौकोनांतली घरं निवडली आणि छपरांवर आणून बसवली. एकदम मस्त जुळली. पुढच्या चौकोनात तेच. चार दिवसांत बावीस चौकोन मी असे 'नीट' केले.

२४ ला चिक्वावातल्या सहकाऱ्याचा मेसेज: रस्ता घरांतून का जातोय?

घरं बरोबर होती, माझी इमेजरी चुकीची होती. प्रकल्पाच्या सूचनेत एक इमेजरी सांगितली होती. मी दुसरी लावली, कारण तिच्यात रंग स्वच्छ होते. वेगवेगळ्या कंपन्यांची चित्रं जमिनीवर एकाच जागी बसत नाहीत, काही मीटर इकडे-तिकडे होतात. डोंगराळ भागात एकाच चित्राच्या दोन टोकांनासुद्धा फरक वेगळा येतो. आधीच्या माणसाने सांगितलेली इमेजरी लावून, तीही जीपीएसच्या मागावर (कुणी प्रत्यक्ष फिरताना जीपीएसने नोंदलेल्या वाटेवर) सरकवून, मगच घरं काढली होती. मी 'गबाळं' म्हटलं त्याने माझ्यापेक्षा जास्त काळजी घेतली होती.

बदल मागे घ्यायला जोसमला रिव्हर्टरचं प्लगइन आहे. सोपं वाटतं. पण बावीसपैकी सात चौकोनांत मधल्या काळात दुसऱ्यांनी माझ्या सरकवलेल्या घरांच्या आधाराने नवी घरं आणि वाटा काढल्या होत्या. ती मागे घेता येईनात, हाताने सरकवावी लागली. एकूण सहा दिवसांचं काम बुडालं. त्यातले तीन दिवस मी बिलात धरले नाहीत. कुणी सांगितलं नव्हतं, पण मलाच लाज वाटली.

आता कुठलाही चौकोन उघडला की आधी लोकांनी चढवलेले जीपीएसचे माग लावते. गाडीरस्त्याचा एखादा ठळक तिठा शोधायचा, माग रस्त्याच्या मधोमध जातात का बघायचं. जात नसतील तर चित्र सरकवायचं. घरांना हात लावायचा नाही. किती सरकवलं तो ऑफसेट सेव्ह करून ठेवायचा, पुढच्या चौकोनात परत तपासायचा. पाच मिनिटं लागतात.

८ जुलै

रात्रभर कोसळला. लोकल बंद, शाळा बंद, नवरा घरी, लेक घरी, इंटरनेट दुपारी तीनपर्यंत गायब. विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी भरल्याचे व्हिडिओ मात्र मोबाइलवर कसे कोण जाणे येत होते.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, तेव्हा मी कॉलेजात होते आणि कळव्याला पहिल्या मजल्यावर राहायचो. खालची सहा घरं आमच्या खोलीत रात्रभर बसून होती. सकाळी कुणीतरी विचारत आलं, तळमजल्यावर किती माणसं होती? कुणालाच आकडा सांगता येईना, कारण दोन खोल्या भाड्याने दिलेल्या आणि भाडेकरूंत भाडेकरू. आज काम नाही म्हणून हे आठवत बसले.

१५ जुलै

हात बसलाय. छप्पर गोल असेल तर तीन बिंदू देऊन वर्तुळ, चौकोनी असेल तर बाजू ओढून क्यू दाबायचं, कोपरे काटकोनात येतात. तासाला साडेतीनशे-चारशे. या आठवड्यात टीममध्ये सगळ्यात जास्त घरं माझी. मीटिंगमध्ये टाळ्या वाजवण्याच्या छोट्या चित्रांचा पाऊस पडला. खोटं कशाला बोला, बरं वाटलं.

२२ जुलै

आज तो 'बरं वाटलं'चा हिशेब चुकता झाला.

तिथला सहकारी एका गावाच्या मुखियाकडे बसून फोनवर आमचा नकाशा बघत होता. मुखियाने विचारलं, माझ्या गावात एवढी घरं कधी झाली? त्याने मोजली: नकाशात ११६. मुखियाच्या वहीत ७१ कुटुंबं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची स्वयंपाकाची झोपडी वेगळी असते ती धरूनही आकडा जुळेना. त्याने मला स्क्रीनशॉट पाठवला. लहान लहान गोल, प्रत्येक घराजवळ एक, कुठे दोन. सगळे मी काढलेले. मग त्याने त्यातल्या एकाचा जमिनीवरून काढलेला फोटो पाठवला.

फोटोत बांबूच्या विणलेल्या चटईचं पिंपासारखं काहीतरी, चार दगडांवर उचललेलं, वर गवताचं टोपडं. उंची माणसाएवढी. शेजारी एक शेळी.

मी फोटो मोठा करून बघत होते. सासूबाई शेजारी मेथी निवडत होत्या. त्या मूळच्या मुरबाडकडच्या. चष्मा वर करून म्हणाल्या, "अगं, कणगी आहे की ती." धान्य साठवायची.

मी म्हटलं, "आई, हे आफ्रिकेतलं आहे."

"असू दे की. भात तिकडची माणसं खात नाहीत होय? बांबूचंच विणलंय. फक्त शेणानं सारवलेली दिसत नाय. आणि बाहेर कशाला ठेवलीय, पावसात भिजत नाय?"

सहकाऱ्याला विचारलं. त्याच्या चिचेवा भाषेत तिला न्खोक्वे म्हणतात, आणि तिच्यात भात नाही, मका असतो. बाहेर ठेवतात कारण वारा लागला पाहिजे, नाहीतर बुरशी धरते. उचललेली असते उंदरांसाठी. सासूबाईंचं समाधान झालं. "आमच्यात घरात असायची, म्हणून तर उंदीर," म्हणाल्या. त्याने पुढे लिहिलं होतं की यंदा दुष्काळामुळे बऱ्याच रिकाम्या आहेत. ते मी त्यांना सांगितलं नाही.

जोसममध्ये क्षेत्रफळानुसार शोधता येतं. नऊ चौरस मीटरपेक्षा लहान इमारती किती, असं विचारलं. माझ्या चौकोनांत १,३४०. मच्छरदाण्या, क्लोरीनच्या गोळ्या यांचा ढोबळ अंदाज वाटप करणारे घरामागे साडेचार माणसं धरून काढतात. म्हणजे मी बसल्या जागी सहा हजार माणसं जन्माला घातली होती. त्यांच्या नावाच्या मच्छरदाण्या दुसऱ्या कुठल्यातरी गावाच्या वाट्यातून आल्या असत्या.

सूचनेत काय होतं ते परत वाचलं. 'सर्व इमारती काढा.' कणगी इमारत आहे की नाही यावर कुणी विचार केलेला नव्हता. ऑटोकॅडमध्ये काय काढायचं ते दुसरा ठरवतो, आपण अचूक काढायचं. इथे अचूकपणा बिनकामाचा होता. माझी वर्तुळं अगदी गोल होती.

२४ जुलै

दुसरी चूक, आणि ही पहिलीपेक्षा वाईट, कारण घाईत केली.

१,३४० निवडल्या आणि पुसल्या. चेंजसेटवर, म्हणजे एकत्र अपलोड केलेल्या बदलांच्या नोंदीवर, लिहिलं, 'धान्याच्या कणग्या काढल्या.' चार मिनिटं लागली. झोपायला गेले.

२५ जुलै

सकाळी सहकाऱ्याचं उत्तर: यात माझ्या मावशीचं घर गेलं.

मावशी एकटी राहते, गोल झोपडीत, तीन मीटर व्यासाच्या. तिच्यासारख्या बऱ्याच म्हाताऱ्या बायका आहेत. शिवाय वयात आलेल्या मुलांच्या झोपायच्या वेगळ्या झोपड्याही तेवढ्याच. पूर आला तर सगळ्यात आधी जिथे जायला पाहिजे ती घरं मी क्षेत्रफळाची चाळणी लावून पुसली.

परत रिव्हर्ट. या वेळी एकही आडकाठी आली नाही, कारण रात्रीत कुणी त्या भागात काम केलं नव्हतं. नशीब.

२९ जुलै ते २ ऑगस्ट

१,३४० गोल एकेक करून बघितले. जोसममध्ये यादीचं एक प्लगइन आहे, एक झालं की खूण करायची आणि पुढचं आपोआप समोर येतं. सतरा तास लागले, चार दिवसांत विभागून. यात वेग वाढवायचा प्रयत्न केला की चुका होतात. तासाला ऐंशीच्या वर गेले की थांबून चहा.

ओळखायचं कसं ते सहकाऱ्याने व्हिडिओ कॉलवर शिकवलं, पन्नास-साठ गोल एकत्र बघून. घरासमोर झाडून झाडून गुळगुळीत झालेली जमीन असते, ती चित्रात फिकट, जवळजवळ पांढरी दिसते. घराच्या तोंडाशी पायवाट येऊन संपते. कणगी अंगणाच्या कडेला, मोठ्या घराच्या नजरेच्या टप्प्यात. एकटी दुसऱ्याच्या अंगणात कधीच नाही. आणि सावली: कणगी उंच आणि बारीक, म्हणून तिची सावली तिच्या अंगाच्या मानाने लांब. झोपडी बसकी, सावली आखूड. सकाळी घेतलेल्या चित्रात हे चांगलं कळतं, दुपारच्या चित्रात काही कळत नाही.

हिशेब: १,०२१ कणग्या, २७६ घरं किंवा स्वयंपाकाच्या झोपड्या, ४३ कळत नाहीत.

कणग्या पुसायच्या का, यावर मीटिंगमध्ये पाऊण तास वाद. माझं म्हणणं होतं, वस्तू जमिनीवर आहे तर ती नकाशातून पुसण्याचा हक्क आपल्याला नाही. फक्त घर म्हणू नका. शेवटी टॅग (वस्तू काय आहे ते सांगणारी नकाशातली खूण) बदलून धान्याची कोठी केलं. सूचनेत न्खोक्वेचा फोटो लावला. ४३ वर 'जाऊन बघणे' अशी नोट.

३ ऑगस्ट

ठाण्यातल्या एका कॉलेजात मॅपाथॉन, म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून नकाशा काढायचा. तीस मुलं, बावीस संगणक, अडीच तास.

पहिला पाऊण तास वाया. अकाउंट उघडलं की खातरजमेचा मेल येतो, तो मोबाइलवर उघडायचा, आणि लॅब तळघरात, रेंज नाही. मुलं जिन्यावर जाऊन मेल उघडून परत. पुढच्या वेळी अकाउंट आदल्या दिवशी घरूनच उघडायला सांगणार. अठरा जणांचं काम सुरू झालं, बाकीचे शेजाऱ्याच्या खांद्यावरून.

"मॅडम, हे घर आहे की टपरी?" या प्रश्नाला मी आधी हसले असते. त्या मुलाला पुढे बोलावून मी त्याचाच चौकोन मोठ्या पडद्यावर लावला आणि अर्धा तास त्यावरच गेला.

हे खरंच वापरतात का, असं एकीने विचारलं. मी जानेवारी २०१० चा हैतीचा भूकंप सांगितला. पोर्ट-ओ-प्रिन्सचा कामाचा नकाशा नव्हता आणि जगभरच्या लोकांनी घरी बसून काही दिवसांत तो काढला, त्यातूनच हे सगळं उभं राहिलं. एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये तेच झालं. मागच्या बाकावरून कर्जतचा एक मुलगा म्हणाला, "आणि इर्शाळवाडी?" १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली तेव्हा वाडीला गाडीरस्ता नव्हता, बचावपथकं पायी चढून गेली. तो म्हणाला, आमच्या बाजूच्या वाड्यांच्या पायवाटा मला पाठ आहेत, त्या टाकू का? मी म्हटलं टाक, पण चालून, जीपीएस लावून, मनाने नाही. आज दिवसभरात सगळ्यात कामाचं बोलणं तेवढंच झालं.

१० ऑगस्ट

मुलांचं काम तपासायला सात तास. अडीच तासांत अठरा जणांनी काढलेलं. स्वतः काढलं असतं तर चार तासांत झालं असतं. मॅपाथॉनचं गणित असं आहे, संस्थेच्या अहवालात ते दिसत नाही.

नेहमीच्या चुका: क्यू दाबायचं राहिलेलं, त्यामुळे घरं वाकडी. सावलीसकट छप्पर काढलेलं. एकमेकांना चिकटलेली दोन घरं एकच. एकाने नदीकाठच्या बैलगाड्याही घरं म्हणून काढल्या होत्या, निदान मला त्या बैलगाड्या वाटल्या.

आधी मी परत पाठवताना एक ठरावीक इंग्रजी वाक्य चिकटवायचे: कोपरे काटकोनात नाहीत, कृपया सूचना वाचा. जूनमध्ये मी असं परत पाठवलेल्या अकरा नवख्यांपैकी नऊ जणांनी त्यानंतर एकही घर काढलेलं नाही, हे आज मुद्दाम तपासलं. या मुलांना मराठीत लिहिलं, प्रत्येकाला वेगळं. 'रस्ता छान पकडलायस. घर क्रमांक अमुक बघ, क्यू राहिलंय, बाकी तसंच.' वेळ दुप्पट लागला. पाच जणांनी आठवड्यात परत काम केलं. कर्जतच्या मुलाने दोन पायवाटा टाकल्यात, एक ओढ्याला येऊन संपते. त्याने लिहिलंय, 'पावसात इथून पुढे जाता येत नाही.' अशी ओळ उपग्रहाला सुचणार नाही.

१८ ऑगस्ट

रविवार. मनात आलं, मी लोकांना जाऊन बघा सांगते, स्वतः कधी गेलेय? घरापासून वीस मिनिटांवर ऐरोलीतलं दिवा गावठाण. उपग्रहाच्या चित्रात मध्यभागी एक मोठं निळं-करडं छप्पर दिसतं, मी ते एक इमारत म्हणून काढलं असतं. जाऊन बघितलं तर पत्रे आणि ताडपत्री एकमेकांवर चढवलेली, खाली पाच दारं, दोन जिने, एक किराणा दुकान. गल्ली इतकी अरुंद की छत्री तिरकी धरावी लागते, आणि फोनचा जीपीएस मला पंधरा मीटर पलीकडे नाल्यात उभी दाखवत होता.

मी फोनकडे आणि भिंतीकडे आलटून पालटून बघतेय म्हटल्यावर उंबऱ्यावर बसलेल्या आजी म्हणाल्या, "कोन गं तू? सर्वेवाली काय?" नाही म्हटलं. "मंग फोटू कशाला काढतंस?" फोटो काढत नव्हते, पण त्यांचा संशय बरोबरच. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, मग वाढत्या कुटुंबांनी गावठाणात आणि भोवती बांधलेल्या 'गरजेपोटी'च्या घरांचा प्रश्न किती वर्षं चाललाय. इथे हातात फोन घेऊन घरं मोजणारा माणूस म्हणजे एक तर नोटीस, नाहीतर निवडणूक.

पाच दारांचा आकडा मी टाकला नाही. गल्ल्या टाकल्या, मंदिर, विहीर आणि तीन ठिकाणी पायऱ्या. घरं कुणाची, किती, हे त्यांना विचारून, त्यांना हवं असेल तर. चिक्वावात आमचा माणूस आधी मुखियाकडे जाऊन बसतो, ते मला आजवर वेळखाऊ वाटत होतं.

आजींनी चहा विचारला. घेतला.

२७ ऑगस्ट

दहीहंडी. मीटिंगमध्ये मला काही ऐकू आलं नाही आणि माझं कुणाला.

५ सप्टेंबर

पैशांचं. याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून.

मोबदला डॉलरमध्ये येतो. पहिल्या वेळी बँकेने तीन दिवस अडकवून ठेवला, कारण परदेशातून पैसे का आले याचा पर्पज कोड मी दिला नव्हता. शाखेत दोन फेऱ्या. मधल्या बँकेचा आणि आपल्या बँकेचा आकार मिळून दर वेळी दीड-दोन हजार जातात, म्हणून आता दोन महिन्यांचं बिल एकत्र लावते. पैसे आल्याचं बँकेचं प्रमाणपत्र प्रत्येक वेळी मागून घ्यायचं, नंतर मागितलं तर मिळायला महिना लागतो.

करार आहे, नोकरी नाही. पीएफ नाही, रजा नाही, टीडीएस कुणी कापत नाही. कर आपला आपण आगाऊ भरायचा, पुढचा हप्ता १५ सप्टेंबर. जूनचा हप्ता मला माहीतच नव्हता, व्याज बसणार.

आणि कमरेचं दुखणं. जेवणाच्या टेबलाची खुर्ची चार महिने चालत नाही. ६,५०० ची खुर्ची घेतली. ही पहिल्या आठवड्यात घ्यायची होती.

१८ सप्टेंबर

काल विसर्जन, आज डोकं जड. राहिलेल्या भागासाठी मशीनने ओळखलेली तयार घरं घेऊन बघितली. मायक्रोसॉफ्टने अशी घरं खुल्या परवान्याने दिलेली आहेत, ओपनस्ट्रीटमॅपमध्ये चालतात. मोठी पत्र्याची छपरं सुरेख पकडते. गवताचं छप्पर आणि वाळलेलं शेत यात गोंधळते. आणि कणग्या? काही घरं म्हणून घेतल्या, काही सोडल्या, कशाच्या जोरावर ते कळलं नाही. तीन चौकोन करून बघितले, साफ करायला हाताने काढण्याइतकाच वेळ लागला. शहरात वापरेन, इथे नाही.

२८ सप्टेंबर

चिक्वावात छपाई सुरू झाली. ए-थ्री कागद, प्रत्येक गावाचा एक, मुखियाच्या भिंतीवर लावायला. पहिल्या कागदाचा फोटो आलाय. नदी खूप गडद निळी छापली गेलीय आणि तिच्या काठच्या घरांचे आकडे वाचता येत नाहीत. रंग फिका करून परत पाठवला.

४३ पैकी ३१ ठिकाणी ते जाऊन आले. १९ कणग्या, ११ घरं. एक कोंबड्यांचं खुराडं. बारा बाकी, नदीपलीकडे आहेत.

ढगाखालचे सहा चौकोन तसेच सोडलेत, 'इमेजरी खराब' म्हणून. त्यात अंदाजाने काहीही काढलेलं नाही.

ऑक्टोबरपासून न्सान्जे जिल्हा. सहकाऱ्याला आधीच विचारून ठेवलंय, तिथल्या कणग्या कशा असतात त्याचा फोटो पाठव.